नाव नको म्हणालो, आणि पुकारायची वाट बघत बसलो

पारावरचा (धागाकर्ता)

गावच्या शाळेला ५० वर्षं झाली म्हणून मागच्या महिन्यात कार्यक्रम होता. वाचनालयाच्या कपाटांसाठी वर्गणी चालली होती, मी ११,००० रुपये दिले. पावती फाडणाऱ्या गुरुजींना मीच म्हटलं, "नाव नको गुरुजी, गुप्तदान धरा." त्यांनी चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, 'एक हितचिंतक'.

मग कार्यक्रमात माईकवरून यादी सुरू झाली. माझ्या मागच्या खुर्चीवरच्या माणसाचे ५०१ सुद्धा गावासकट, वडिलांच्या नावासकट पुकारले. माझा कान टवकारलेलाच. शेवटी "एक हितचिंतक, अकरा हजार रुपये" असं आलं आणि टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी जोरात. मी मान खाली घालून हसलो. पण शेजाऱ्याला दिसेल इतपतच खाली.

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या बायकोला फोन करून सांगितलं. मग मेव्हण्याला, मग ऑफिसात दोघांना. आजवर सहा जणांना सांगून झालंय.

तर प्रश्न असा, की माणूस दुसऱ्यासाठी म्हणून जे करतो, त्यात निखळ असं काही असतं का? की सगळीकडे आवळा देऊन कोहळाच काढायचा असतो आणि आपण फक्त कोहळा पिशवीत झाकून नेतो?

त्याच मुक्कामात माळ्यावरच्या ट्रंकेत एक आहेराची वही सापडली. तिच्याबद्दल नंतर लिहितो, आधी तुमचं ऐकू.

कुरकुरीत

सहा नाही, आता हा सगळा फोरम धरा. आणि पावतीवर 'हितचिंतक' घालून घेतलंत म्हणजे ८०जीची करसवलत सुद्धा गेली. ना पुण्य ना वजावट!

जुनाखोड

गीतेच्या सतराव्या अध्यायात यावर तीनच श्लोक आहेत, पण नेमके. सात्त्विक दान कुणाला द्यायचं? 'अनुपकारिणे', म्हणजे ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही अशाला. पुढच्याच श्लोकात 'प्रत्युपकारार्थं', 'फलमुद्दिश्य' आणि 'परिक्लिष्टं' दिलेलं ते राजस. परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून, किंवा जिवावर येऊन. हा तिसरा शब्द मला फार आवडतो. गणपतीच्या वर्गणीला दारात पाच पोरं उभी राहिली की आपण जे काढून देतो ते शुद्ध परिक्लिष्ट.

लक्षात घ्या, त्याला राजस म्हटलंय, पाप म्हटलेलं नाही. तुमचे ११,००० राजस खात्यात जमा झाले. कपाटं व्हायची ती होतीलच.

चिंचबोर

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल. कंटाळा आला तर खाली सरका.

या चर्चेत दोन वेगळे 'का' एकमेकांत मिसळतात. पहिला, ही वागण्याची रीत उत्क्रांतीत टिकली का? दुसरा, या माणसाने आत्ता हे का केलं? पहिल्याची उत्तरं बरीच सापडली आहेत. १९६४ मध्ये हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने गणित मांडलं, की नातेवाइकासाठी झळ सोसली तरी आपलीच जनुकं त्याच्या अंगाने पुढे जातात, म्हणून ती प्रवृत्ती टिकते. नातं जितकं लांबचं तितका फायदा मोठा असावा लागतो. १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने नातं नसलेल्यांचं कोडं घेतलं. आज मी तुला, उद्या तू मला. आणि जो नुसता घेतो त्याला ओळखून दूर ठेवायचं. १९८४ मध्ये विल्किन्सनने कोस्टारिकातल्या रक्तपिपासू वटवाघळांमध्ये तसं काहीसं दाखवलं. सलग दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ते वटवाघूळ मरतं. मग पोट भरलेलं शेजारचं वटवाघूळ स्वतःच्या पोटातलं थोडं ओकून त्याला पाजतं. पण कुणालाही नाही; नात्यातल्याला, नाहीतर रोजच्या ओळखीतल्याला.

आता इथे लोक उडी मारतात की 'बघा, सगळं स्वार्थीच'. थांबा. जनुकाचा 'स्वार्थ' ही हिशेबाची भाषा आहे, मनातल्या हेतूची नाही. पुरणपोळीवर तूप घेताना आपण पेशींच्या ऊर्जेचा विचार करत नसतो, आपल्याला ती आवडते म्हणून खातो. आई रात्री तीनदा उठते ती जनुकं मोजायला उठत नाही. ज्या कारणाने माया टिकली ते कारण हिशेबी असलं म्हणून माया खोटी ठरत नाही.

तरी पारावरचे साहेब, तुमची ती मान खाली घालण्याची गोष्ट ट्रिव्हर्सच्या दुसऱ्या एका कल्पनेत चपखल बसते. दुसऱ्याला फसवायचं तर आपल्या चेहऱ्यावर दिसता कामा नये, आणि चेहऱ्यावर दिसू नये याचा सोपा उपाय म्हणजे खरा हेतू स्वतःलाच ठाऊक नसणं. १९७६ मध्ये त्याने हे सुचवलं. तुम्ही गुरुजींना "नाव नको" म्हणालात तेव्हा मनापासूनच म्हणाला असणार.

एक शेवटचं. उत्क्रांतीच्या या गणितात मोलाची भर घालणारा जॉर्ज प्राइस नावाचा माणूस होता. त्याचं समीकरण १९७० चं. पुढे त्याच माणसाने लंडनमध्ये बेघर लोकांना घरी आणून ठेवलं, असेल नसेल ते वाटून टाकलं, आणि १९७५ च्या जानेवारीत स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या मनात काय होतं यावर लोक आजही तर्क लढवतात. मी वर्गात त्याच्याबद्दल सांगते आणि मग दोन मिनिटं फळा पुसत बसते.

पारावरचा

चिंचबोरताई, 'मनापासूनच म्हणाला असणार' हे वाक्य कौतुक म्हणून घ्यायचं की निदान म्हणून?

चिंचबोर

निदान. पण साथीचा आजार आहे, एकट्याला नाही झालेला.

सुगरणीचा_खोपा

तुम्ही पुरुष मंडळी ११,००० च्या गोष्टी करता. आमच्याकडे हा सगळा सिद्धांत ब्लाउजपीसमध्ये राहतो. हळदीकुंकवाला आलेलं पीस कपाटात जातं आणि पुढच्या ओटीत बाहेर पडतं. एकदा मी आलेल्या पिसाच्या आतल्या घडीला पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवली होती. सव्वादोन वर्षांनी तेच पीस फुलीसकट माझ्याच ओटीत परत आलं, मधे किमान चार घरं फिरून. कुणीच शिवलं नव्हतं, शिवण्यासारखं नव्हतंच ते.

आता यात कुणाचा काय फायदा झाला? पीस वापरलं कुणीच नाही. पण ज्या घरात ते गेलं नाही त्या घरची बाई आजही मला तिरकी बघते.

सातभाई_बघणारा

वरच्या प्रतिसादावरून आठवलं. आपल्याकडे सातभाई असतात ना, घोळक्याने कलकल करत पाचोळा उलटणारे, त्यांचा एक अरबी भाऊबंद इस्रायलच्या वाळवंटात राहतो. झहावी नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक दशकं त्यांचा पिच्छा पुरवला. एक पक्षी उंच फांदीवर पहारा देतो, बाकीचे खातात. झहावीचं म्हणणं असं, की पहाऱ्याला बसण्यासाठी आणि दुसऱ्याला भरवण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागते, कारण 'मला परवडतं' हे दाखवायचं असतं. मानाने वरचा खालच्याला भरवतो. खालच्याने वरच्याला भरवायची आगळीक केली तर चोच खावी लागते.

हे वाचलं तेव्हा मला आमचे मोठे काका दिसले. चुलतभावाने नवीन नोकरी लागल्यावर हॉटेलात सगळ्यांचं बिल भरलं. काका दोन महिने बोलले नाहीत त्याच्याशी!

(नंतरच्या अभ्यासकांना सातभाईंतली ही चढाओढ तितकीशी सापडली नाही, हेही सांगायला हवं. काकांची मात्र मी स्वतः पाहिली आहे.)

लाल_मातीतला

आमच्याकडे याला कोडं वगैरे कुणी म्हणत नाही. सावड म्हणतात. लावणीला आज तुमच्या खाचरात आमच्या घरची दोन माणसं, परवा आमच्या खाचरात तुमची दोन. पैसा नाही, पण चोख हिशेब. कुणी आजारी पडला आणि यायला जमलं नाही तर बदली माणूस धाडायचा. घाटावर इर्जिक असते, एकाच्या रानात सगळ्यांचे नांगर आणि त्याच्या घरी सगळ्यांना जेवण.

माझा आजा म्हणायचा त्याचा अर्थ असा, की सावड फेडताना घाई करायची नाही. आज माझं काम केलंस आणि मी उद्याच येऊन फेडून मोकळा झालो, तर तुला वाटणार, याला माझं देणं नको झालंय. थोडं अंगावर ठेवावं लागतं. म्हणजे जाणं-येणं राहतं.

हेतू छुपा कसला? सगळ्या गावाला माहीत असतो. फक्त बोलायचा नसतो.

कुरकुरीत

'थोडं अंगावर ठेवावं लागतं' हे माझ्या घराच्या हप्त्याबद्दल बँकेला सांगून बघतो.

वाट_चुकलेला

व्हँकुव्हरहून. इथल्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांमध्ये पॉटलॅच नावाची रीत आहे. लग्न, नामकरण, मृत्यू, सरदारकी असं काही असलं की यजमान आलेल्यांना वाटतो. घोंगड्या, भांडी, होड्या, पुढे पुढे तर शिलाई मशीनसुद्धा. जितकं वाटाल तितका मान, आणि घेणारे नुसते पाहुणे नसतात, साक्षीदार असतात. घेतलं म्हणजे यजमानाचा हक्क मान्य केला. कॅनडा सरकारला हे काही केल्या कळेना. माणूस कमावतो आणि वाटून टाकतो, मग सुधारणार कधी? म्हणून १८८५ पासून त्यावर बंदी घातली. ती १९५१ पर्यंत होती. १९२१ मध्ये डॅन क्रॅनमर नावाच्या सरदाराने केलेल्या मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना पकडलं, मुखवटे आणि तांब्याच्या ढाली जप्त केल्या. त्यातले परत मिळालेले मुखवटे अलर्ट बे या गावातल्या उमिस्ता सांस्कृतिक केंद्रात आहेत. मी दोनदा जाऊन आलोय.

तिथे उभं राहून मला आठवलं काय, तर आमच्या गावच्या देवळातला पंखा. तिन्ही पात्यांवर रंगाने लिहिलेलं, 'सप्रेम भेट, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा चालू असला की काहीच वाचता येत नाही. लाइट गेली की उकाडा आणि नाव एकदमच येतं.

रात्रपाळी

सगळं वाचलं, हसले पण. तरी मला थोडं वेगळं लिहायचं आहे.

मी प्रत्यारोपण विभागात कोऑर्डिनेटर आहे. तुम्ही इथे हेतूवर गप्पा मारताय, आमच्याकडे कायदाच हेतू विचारतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यात किडनी देणं त्यातल्या त्यात सोपं. आधी नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं होती, २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. त्याबाहेरच्या माणसाला द्यायची असेल तर समितीपुढे जायचं आणि आपुलकी, जिव्हाळा किंवा तसंच खास कारण आहे हे पटवून द्यायचं. लोक फोटो घेऊन येतात. लग्नातले, बारशातले, काशीयात्रेतले. मैत्री सिद्ध करायला अल्बम! कारण समितीला भीती पैशाची असते, आणि ती उगाच नाही. पण त्यामुळे उलटंच होतं. "काही कारण नाही, द्यावीशी वाटली" हे उत्तर तिथे सगळ्यात संशयास्पद. गीतेतला अनुपकारी तिथे उभा केला तर आधी त्याचं बँकेचं पासबुक मागतील.

आणि जवळच्या नात्यात काय होतं? जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. घरात कुणी कुणावर ओरडत नाही. चार माणसं बसतात, कुणाची नोकरी आहे, कुणाचं लग्न व्हायचंय अशी एकेक नावं गळत जातात आणि शेवटी सगळे एकीकडे बघायला लागतात. ती म्हणते, मी देते. याला तुम्ही काय म्हणाल? सात्त्विक?

आम्ही देणाऱ्याला एकटं बोलावून विचारतो. एका बाईंना विचारलं, मनापासून देताय ना, कुणाचा दबाव नाही ना? त्या म्हणाल्या, "मनाचं काय घेऊन बसलात मॅडम. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मीच आणते यांना. दोन बस बदलून. ती खेप तर वाचेल." मी परत विचारलं. मग त्या चिडल्या. "अहो, माणूस माझा आहे ना?"

फॉर्मवर 'स्वखुशीने' असं छापलेलं असतं. त्यांनी त्याखाली सही केली, ठळक, शाळेतल्यासारखी. खेप वाचवायची होती हेही खरं आणि माणूस माझा हेही खरं. यातला छुपा हेतू कुठला ते मला अजून कळलेलं नाही.

जुनाखोड

ताई, श्लोक मागे घेतो.

सुगरणीचा_खोपा

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद सकाळी भाजी निवडताना वाचला. तशीच बसले होते बराच वेळ.

चार_थेंब

रक्तदानाचा विषय निघणार असं वाटलं होतं, निघाला नाही म्हणून मीच काढतो. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर. पण नेत्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात हेल्मेट, टिफिन, भिंतीवरचं घड्याळ चालतं. पुढच्या गल्लीत मिक्सर आहे असं कळलं की रांग तिकडे वळते, हे मी टेबलामागे बसून पाहिलंय.

स्वीडनमध्ये गोटेनबर्गला एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाता होण्यासाठी तपासणीला येता का, असं विचारलं. काहीच न देता विचारलं तेव्हा ५२ टक्के बायका हो म्हणाल्या. ५० क्रोनर देऊ म्हटल्यावर ३० टक्केच उरल्या. पैसे हवे तर घ्या, नाहीतर संस्थेला दान करा म्हटल्यावर परत ५३. पुरुषांवर मात्र तसा काही परिणाम दिसला नाही.

मला यातून वाटतं ते असं, की त्या बायकांना मोबदला हवा होताच, फक्त नोटेत नको होता. 'मी रक्त देणारी आहे' एवढंच हवं होतं. नोट पुढे केल्यावर तेच हिसकावलं गेलं.

कुरकुरीत

मी तीनदा रक्त दिलंय. दोन घड्याळं आणि एक बिस्किटाचा पुडा. पुड्याच्या वेळचं समाधान जास्त होतं हे मान्य.

हिशेबनीस

प्रयोग निघालेच आहेत तर जपून. न्यूकॅसल विद्यापीठातला तो चहाच्या डब्याचा प्रयोग सगळे सांगतात. २००६ चा. दुधा-चहाचे पैसे आपणहून डब्यात टाकायचे, वर किंमतीच्या कागदावर एक आठवडा फुलांचं चित्र आणि एक आठवडा रोखून बघणारे डोळे. डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. ऐकायला झकास. पण पुढे इतरांनी असेच प्रयोग करून पाहिले तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी नाही. चित्रातल्या डोळ्यांना माणसं एवढी घाबरत नसावीत. गुरुजींच्या चष्म्यावरच्या डोळ्यांची गोष्ट वेगळी.

पारावरचा

चला, वहीचं सांगतो.

लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. १९८४ चं आत्याचं लग्न. रकाने आखलेले आहेत, अनुक्रमांक, नाव, गाव, रोख, वस्तू. अक्षर बाबांचं, शेरे आजीचे असावेत. 'रोख ५', 'रोख ११', 'स्टीलचं पातेलं १, झाकण नाही', 'तांब्या, नाव घातलेला', 'साडी, बरी'. हे 'बरी' तीन ठिकाणी आहे आणि एका ठिकाणी नुसतंच 'साडी'. ती कशी असेल याची कल्पना करा.

प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीची खूण आणि साल. म्हणजे तो आहेर त्या साली फेडला. बाबांनी सगळं फेडलंय, शेवटची खूण १९९६ ची.

फक्त ६३ नंबरला खूण नाही. तिथे लिहिलंय, 'नाव नाही. रोख ५१.' आजूबाजूला सगळे ५ आणि ११, मामाकडचे सोडले तर ५१ कुणाचेच नाहीत. कोण असेल? अगदी १९८४ मध्ये, आमच्या गावात, नाव न घालता ५१! मी तर ठरवूनच टाकलंय की इथे निखळ माणूस सापडला.

कुरकुरीत

नाव घालायला विसरला असेल हो.

लाल_मातीतला

नाहीतर भांडण असेल. बोलणं बंद, पण पोरीच्या लग्नात हात आखडला असं कुणी म्हणू नये. आमच्याकडे असं होतं.

सुगरणीचा_खोपा

आईंना विचारा की. वहीतलं बायकांना पाठ असतं.

पारावरचा

विचारलं. आई फोनवर हसायलाच लागली. म्हणाली, त्या पाकिटावरून घरात आठ दिवस खल झाला. शेवटी तिघांवर संशय आला. नक्की कुणी ते ठरेना, आणि विचारायचं कसं? "तुम्ही दिले का हो ५१?" असं विचारलं आणि त्याने ११ दिलेले असले तर त्याचा अपमान. मग बाबांनी काय करावं? त्या तिघांच्याही घरच्या लग्नकार्यात ५१-५१ दिले. म्हणून खूण नाही, कुणापुढे करायची तेच कळेना.

हिशेबनीस

म्हणजे एका गुप्तदानाची परतफेड १५३ रुपये. यापेक्षा सावकार बरा.

चिंचबोर

आणि त्या दोघांनी (किंवा तिघांनी) काय केलं असेल? त्यांना कळेना, याने ५१ का दिले!

पारावरचा

तेच बघायला ताईच्या लग्नाची वही काढायला लावली आईला. १९९८. तिघांचेही १०१.

बाबा २००१ मध्ये गेले, त्यामुळे त्या वहीत लाल खुणा थोड्याच आहेत. या तिघांपुढे नाहीत. त्यातल्या एकांच्या नातवाचं लग्न डिसेंबरात आहे. पत्रिकेवर ठळक छापलंय, कृपया आहेर आणू नये. आईनं पाकीट काढून ठेवलंय.

सुगरणीचा_खोपा

पाकिटावर नाव घालणार का?

पारावरचा

विचारलं मी. म्हणाली, मोठ्या अक्षरात.